काष्टीचं कार्ड

शांतवन गायकवाडाचा मला हेवा वाटायचा. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला किती वर्षं लागली, ते माझं मलाच ठाऊक. तो होता तोवर त्याला भटक्या म्हण, खादाड म्हण, बडबड्या म्हण, असं करून मी वेळ मारून नेली. आता तो नाही, आणि जिच्यापुढं मला माझा तोरा सांभाळायचा होता तीही नाही. मग खोटं बोलायचं कुणासाठी?

आम्ही दोघंही टपालखात्यातले. मी पोस्टमास्तर, तो सॉर्टर. मनमाडहून दौंडला जाणाऱ्या गाडीला टपालाचा एक डबा असे. त्या डब्यात उभं राहून तो पत्रं निवडायचा. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर गावाचं नाव, आणि याच्या हातून पत्र सुटलं की बरोबर आपल्या खणात जाऊन पडायचं. डब्याच्या खिडक्यांना बारीक जाळ्या आणि याची मान कायम खाली, त्यामुळं तीस वर्षं गाडीत काढूनही या माणसानं फलाटापलीकडचं काही पाहिलं नव्हतं. त्यानं बांधलेल्या थैल्या माझ्या पोस्टात उघडल्या जात. दुसऱ्या गावाचं पत्र चुकून त्यात आलेलं मला एकदाही सापडलं नाही. मी मुद्दाम शोधत असे, हेही सांगून टाकतो.

लढाई संपली त्या साली आम्ही दोघंही पेन्शनीत निघालो आणि दोघंही कोपरगावातच राहिलो. माझं घर नदीच्या बाजूला, त्याची खोली बाजारतळापलीकडं ख्रिस्ती वस्तीत. बायको वारलेली, मुलगा सोलापुरात गिरणीत. उंच, काळासावळा, एक खांदा थोडा उतरलेला. हलत्या डब्यात उभं राहायची इतकी सवय की आमच्या ओसरीसमोरही तो पाय फाकवून उभा राहायचा, जणू आता जमीन हलणारच आहे.

पेन्शनीत गेल्यावर काय करायचं, याचा माझा बेत तयार होता. एक आरामखुर्ची, एक वर्तमानपत्र आणि सकाळ-संध्याकाळ नदीकाठी फेरी. त्याला विचारलं तर म्हणाला, "मास्तर, हजार गावांची नावं या हातानं फेकली. त्यातलं एकबी गाव डोळ्यानं न्हाई बघितलं. आता एकेक खण उघडून बघनार हाय."

मला हसू आलं. पण तो खरंच निघाला. सामान म्हणजे एक घोंगडी, एक लोटा, एक सुरी आणि मिठाची पुडी. "मीठ न् सुरी असली की कुठंबी जेवन व्हतंय," असं म्हणायचा. आठ दिवस गायब व्हायचा आणि नवव्या दिवशी आमच्या ओसरीपुढं हजर. देऊळ किती जुनं, घाट कुणी बांधला, यातलं अक्षर त्याच्या तोंडून निघायचं नाही. काय खाल्लं आणि कुणी खाऊ घातलं, एवढंच. राहात्याच्या पेरूवर तो पाऊण तास बोलला होता. पेरू आधी नुसता नाकाशी धरायचा, मग मळेवाल्याशी त्याच्या पोराबाळांबद्दल बोलायचं, आणि तो आपण होऊन "खा की आता" म्हणेपर्यंत दात लावायचा नाही. "इकत घेतल्याला पेरू अन् दिल्याला पेरू, झाड एक असलं तरी चव येगळी, मास्तर." मढीच्या जत्रेतली रेवडी त्यानं कागदात गुंडाळून आणली होती. अकोल्याकडच्या नव्या तांदळाची पेज कुठल्याशा म्हातारीनं दिली तर तिचं वर्णन करताना त्यानं डोळेच मिटून घेतले. आणि सगळं सांगून झालं की पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "खण भरला."

दारामागं आमची मंडळी धान्य पाखडत असायची. माझ्या लग्नाला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. आपल्या बायकोच्या सुपाचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी वर्तमानपत्रातलं मोठ्यानं वाचून दाखवायचो तेव्हा सूप चालू राहायचं. शांतवन बोलायला लागला की सूप थांबायचं. हेवा म्हणजे काय ते मला तिथं कळलं. माझं तोंड वर्तमानपत्रात, आणि कान त्या थांबलेल्या सुपाकडं.

उन्हाळ्यात गोदावरीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. शांतवन एक टरबूज घेऊन आला. आमच्याकडं तो कापलेलं काही देत नसे, आख्खंच द्यायचा. का, ते सांगायला नको. त्याच्यासाठी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला होता, आणि चहा पिऊन झाला की तो कप तो स्वतः विसळून पालथा घालायचा. तेव्हा तशीच रीत होती, आणि ती पाळताना मला काही वाटत नसे. तर ते टरबूज मंडळींनी कापलं आणि पहिली फोड तोंडात घालून "अगंबाई" म्हणाली. एवढंच. पण ते "अगंबाई" मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाळूत उतरलो, सगळ्यात मोठं टरबूज निवडलं, हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आणलं. कापलं तर आत पांढरं, दुधी भोपळ्यासारखं. तिनं मुकाट्यानं त्याची भाजी केली. संध्याकाळी शांतवन आला, त्याला हा प्रकार कळला, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "वाडीवाल्याला इचारायचं, मास्तर. आपुन नाव बघून फेकतो. त्यो तर रोपापासनं वळखतो."

हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

सिनेमाची गोष्ट तर सगळ्या कोपरगावला ठाऊक होती. बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला होता. दिवेलागणीच्या खेळाला मी आणि मंडळी खुर्च्यांवर, शांतवन पुढं जमिनीवर घोंगडी अंथरून. कुठल्याशा राजकन्येची गोष्ट होती. राजकन्येला डोहात ढकलली आणि मशीन बंद पडलं. लोकांनी शिट्ट्या घातल्या, कुणी तंबूचे दोर ओढायला लागलं. मालक बिचारा हात जोडून उभा. तेवढ्यात शांतवन उठला, पाय फाकवून पडद्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका, म्होरं काय हुतं ते मी सांगतो." त्यानं तो सिनेमा जन्मात पाहिलेला नव्हता. पण राजकन्येला एका कोळ्यानं जाळ्यात कशी ओढली, कोळ्याच्या आईनं तिला कुठली आमटी वाढली, त्या आमटीत किती तिखट होतं आणि तिखट खाऊन तिला आपलं राज्य कसं आठवलं, असं अर्धा तास चाललं. लोक खुर्च्या उचलून पुढं सरकले. मंडळींनी पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं, सिनेमा शेवटपर्यंत दाखवला, तर लोक मालकाशी भांडले. आमटी कुठं गेली म्हणून.

मी घरी येताना म्हणालो, "थापाड्या आहे."

ती म्हणाली, "असू दे की."

मग माझ्या मनानं घेतलं की आपणही प्रवास करायचा. लढाईच्या काळात स्टेशनावर पाट्या असायच्या, गरज असेल तरच प्रवास करा म्हणून. ती पाटी मी मंडळींना पाच वर्षं दाखवली. सरकारच सांगतंय, माझं काय! पुढं पाट्या उतरल्या, आणि एक दिवस तीच म्हणाली, "पाटी काढली वाटतं स्टेशनावरची." म्हणून मी पुणतांब्याचा बेत केला. इथून हाकेच्या अंतरावरचं स्टेशन. त्यासाठी एक ट्रंक, एक वळकटी, सुरई, स्टो, दोन डबे, छत्री आणि औषधांची पेटी घेतली. प्रत्येक नगाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि ट्रंकेच्या कुलपावर लाख लावायचं फक्त राहिलं. पुणतांब्याला उतरलो, हमाल मिळाला नाही. सामान चोरीला जाईल म्हणून मी मंडळींना ट्रंकेवर बसवून ठेवलं आणि हमाल शोधायला गेलो. तो मिळेपर्यंत ऊन चढलं. मग स्टो पेटेना, पिन घरी राहिलेली. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. नदी, घाट काही पाहिलं नाही. पुणतांब्याला जाऊन आम्ही आमच्याच सामानाची राखण करून आलो. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, ओरडेल. तिनं एक शब्द काढला नाही आणि ते मला जास्त लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शांतवननं ओसरीपुढून दारामागं विचारलं, "वैनी, तुमचं म्हायेर कोन्तं?"

सूप थांबलं. "काष्टी," आतून आवाज आला.

"काष्टी? मंग हे तर आपल्याच लाईनीवर! खालच्या वळीत, श्रीगोंद्याच्या शेजारचा खण."

काष्टी. सकाळी कोपरगावला गाडीत बसलं की दुपारी काष्टी. गाडीसुद्धा बदलायला नको. पण सासू-सासरे गेले, मेव्हणा गेला, घर विकलं, त्यालाही वीस वर्षं झाली होती. तेव्हा तिनं एकदा विचारलं होतं, "एकदा जाऊन यायचं का?" मी म्हणालो होतो, "आता तिथं आहे कोण?" तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि न विचारणं म्हणजे न वाटणं, अशी माझी समजूत.

शांतवन आठ दिवसांनी आला तो हातात एक फडकं घेऊन. फडक्यात गाभुळलेल्या चिंचा.

"तुमच्या दारातलं झाड हाय अजून," तो म्हणाला. "घर दुसऱ्याचं झालंय. झाडाला कोन इचारतंय! आन् वैनी, साळू माळीन भेटली. गुडघ्यानं आधू झालीया, पन तोंड लई चालतंय. मी म्हनलं, आमच्या मास्तरांच्या वैनी हितल्या. तर म्हनली, म्हंजे चिमी! म्हनली, चिमीनं लगीन करून जाताना माझे सागरगोटे न्हेले, ते आन म्हनावं परत."

लग्नात आमच्या घरानं तिचं नाव बदललं, सरस्वती ठेवलं. चिमी हे नाव त्या घरात अडतीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती दारामागून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरायचं भान तिला नव्हतं. तशीच आत गेली आणि ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली ती एक लहानशी खणाची पिशवी घेऊन. उलटी केली तर आत सात सागरगोटे, हाताळून गुळगुळीत झालेले. अडतीस वर्षं ती पिशवी माझ्या घरात होती. त्या ट्रंकेची किल्ली माझ्या जानव्याला होती. आणि मला पत्ता नाही.

मग ती खाली बसली, एक चिंच तोंडात घातली आणि रडायला लागली. रडता रडता हसत होती. शांतवन दुसरीकडं बघत उभा राहिला, पाय फाकवून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बायकोला रडवायचा आणि हसवायचा हक्क माझा, तो मी वापरला नाही ही गोष्ट वेगळी. तो निघाला तसा मी फाटकाशी गाठला. म्हणालो, "गायकवाड, आमच्याकडं सोवळंओवळं असतं. शेजारीपाजारी बोलतात. तेव्हा येणं जरा कमी करा."

हे धादांत खोटं होतं. शेजारी त्याच्या गोष्टी ऐकायला स्वतः भिंतीशी येऊन बसत. मला दुसरं कारण सुचलं नाही आणि हे कारण आमच्यासारख्यांच्या हाताशी नेहमीच असायचं.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग "बरं, मास्तर" म्हणाला, माघारी वळून कोनाड्यातला कप नीट पालथा आहे का बघितलं, आणि गेला.

दहा दिवस तो फिरकला नाही. मंडळींनी दोनदा विचारलं, मी "गेला असेल कुठं तरी खायला" म्हणालो. अकराव्या दिवशी पोस्टमननं ओसरीवर मला कार्ड दिलं. काष्टीचा शिक्का. अक्षर गोल, टपोरं, पत्ता इतका स्वच्छ की आंधळ्यालाही वाचता यावा.

"राजमान्य मास्तर यांस शांतवन गायकवाड याचा सलाम. साळूबाई फार थकल्या आहेत व वहिनींची आठवण काढतात. येत्या शनिवारी येथील बाजार आहे. वहिनींना घेऊन सकाळच्या गाडीने यावे. मी फलाटावर उभा राहतो. आपणांस अडचण वाटत असेल तर घर दाखवून मी लगेच परत फिरेन. सागरगोटे आणावेत."

मी कार्ड दोनदा वाचलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

पोस्टमास्तराच्या हातून याहून वाईट काही होऊ शकत नाही. माझ्या हाताखालच्या एका पोस्टमननं पावसाचं निमित्त करून चार पत्रं एक दिवस घरी ठेवली होती, त्याला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. तीस वर्षं मी कुणाचं मरण अडवलं नाही, कुणाचं लग्न अडवलं नाही. अडवलं ते माझ्या बायकोचं माहेर.

शनिवार उजाडला. ती अंगणात कुरडया वाळत घालत होती. मी खुर्चीत बसून घड्याळ बघत होतो. आता गाडी राहुरीला आली असेल. आता नगर. आता विसापूर. आता काष्टी, आणि तो फलाटावर एकेक डबा बघत चालला असेल. दुपारी ती म्हणाली, "जेवायला चला, असं काय करताय? बरं नाही का?" मी म्हणालो, "ऊन लागलं."

सोमवारी शांतवन आला. ओसरीवर चढला नाही, पायरीखाली उभा राहिला.

"भाऊजी! इतके दिवस होता कुठं?" तिनं विचारलं.

"काष्टीला हुतो, वैनी." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "परवाच्याला गाडीवर वाट बघितली. साळूबाईनं पुरन घातलं हुतं. कार्ड टाकलं हुतं मी."

"कार्ड?" ती म्हणाली. "आम्हाला तर कार्ड—" आणि तिनंही माझ्याकडं पाहिलं.

मी वर्तमानपत्र उघडलं. ते आदल्या दिवशीचं होतं.

शांतवननं त्या वर्तमानपत्राकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "आलं न्हाई व्हय? मंग मीच पत्ता चुकीचा लिवला असंल, वैनी. वय झालं आता. चुकलं माझं."

ज्या माणसाच्या हातून तीस वर्षांत एक पत्र चुकलं नाही, तो माझ्या अंगणात उभा राहून, माझ्या बायकोसमोर, आपल्याला पत्ता लिहिता येत नाही म्हणून सांगत होता. आणि ती पोस्टमास्तराची बायको. गायकवाडाची थैली कधी चुकत नाही, हे माझ्याच तोंडून तिनं शंभर वेळा ऐकलेलं, आणि मी ते किती कुरकुरत सांगायचो तेही. तिला कळलं. तिला कळलं हे त्याला कळलं. अंगणात तीन माणसं उभी होती आणि तिघांनाही सगळं ठाऊक होतं.

ती आत गेली, चहा केला. बाहेर येऊन कोनाड्यातला तो कानतुटका कप उचलला आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या उकिरड्यावर टाकला. शांतवनला चहा दिला तो माझ्या कपात, निळ्या काठाच्या. "वर येऊन बसा, भाऊजी," म्हणाली. तो ओसरीच्या काठावर अर्धवट बसला, चहा प्याला, पण त्या दिवशी "खण भरला" म्हणाला नाही.

तो गेल्यावर तिनं हात पुढं केला. "कोट द्या. धुवायला टाकायचाय."

मी कार्ड काढून दिलं. तिला वाचायला येत असे, पण सावकाश. ओळीवर बोट ठेवून तिनं ते सगळं वाचलं, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. मग म्हणाली, "या शनिवारी जायचं."

मंगळवारी बाजारात तो दिसला तेव्हा मी म्हणालो, "शनिवारी काष्टीला जातोय आम्ही." तुम्हीही चला, हे शब्द जिभेवर होते. तिथंच राहिले. तो म्हणाला, "जावा की. मला हितं काम हाय."

सामान म्हणजे एक पिशवी आणि पाण्याचा लोटा. गाडीत ती खणाची पिशवी मुठीत धरून बसली होती. काष्टीला उतरलो तो बाजाराचा गलका स्टेशनापर्यंत ऐकू येत होता, बैलांचे गोंडे, धूळ, कांद्याचे ढीग लांबूनच दिसत होते. आणि फलाटाच्या टोकाला, लिंबाखाली, पाय फाकवून शांतवन उभा. आम्ही उतरलेलो त्यानं पाहिलं, आणि पाठ फिरवून बाजारात शिरला. ती मान वळवून इकडंतिकडं बघत होती.

"कुणाला शोधतेस?" मी विचारलं.

"कुणाला नाही," ती म्हणाली.

साळू दारातच बसली होती, केस पांढरे, तोंडात दोनच दात. "चिमे! आलीस व्हय गं!" म्हणून तिनं जो आवाज दिला त्यानं समोरची कोंबडी उडाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "या पावनं. काल सांजच्यालाच गायकवाड भाऊ सांगून गेले. उद्या नक्की येत्यात, सैपाक कर म्हनले. म्हनलं तुमीबी या जेवाया. तर म्हनले, न्हाई, वैनींना मास्तर आनत्यात, मी मधी नगं." मंडळी माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं पाहिलं नाही. ती भिंतीला हात लावून बघत होती.

दुपारभर त्या दोघी चिंचेखाली सागरगोटे खेळल्या. साळूला वाकता येत नव्हतं, म्हणून गोटे मडक्याच्या झाकणावर उडवत होत्या. माझ्या बायकोचा हात इतका चपळ आहे हे मी त्या दिवशी पाहिलं. मी बाजेवर बसून होतो. कुणी माझ्याकडं लक्ष दिलं नाही, आणि मला साळूचाही हेवा वाटला, त्या गोट्यांचाही वाटला. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं पिशवी साळूच्या ओटीत ठेवली. साळूनं एका फडक्यात चार पोळ्या बांधून दिल्या. "भाऊंच्या हायेत ह्या," म्हणाली.

रविवारी परतीच्या गाडीत शांतवन शेवटच्या डब्यात चढलेला मी पाहिला. माझ्या मांडीवर त्याच्या पोळ्यांचं फडकं होतं. राहुरी गेलं, बेलापूर गेलं, प्रत्येक स्टेशनावर मी ठरवत होतो की उतरून त्याच्या डब्याकडं जावं, आणि प्रत्येक स्टेशनावर गाडी सुटत होती. कोपरगावला उतरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गर्दीतून आम्ही बाहेर आलो, टांगा केला. स्टेशनापासून गाव चांगलं लांब. टांग्यात आम्ही मागं तोंड करून बसलो होतो, त्यामुळं मागचा रस्ता सगळा दिसत होता. थोडं पुढं आल्यावर त्या रस्त्यावर तो दिसला. खांद्यावर घोंगडी, हातात लोटा, एक खांदा उतरलेला, मुद्दाम सावकाश चालत होता, टांग्यात आणि त्याच्यात अंतर पडावं म्हणून. मी घोड्याच्या दिशेला मान वळवली.

"टांगा थांबवा," ती म्हणाली.

"का?"

"काष्टीच्या फलाटापासून बघतेय मी त्यांना. आणि तुम्हालाही." टांगेवाल्यानं लगाम खेचला. "मी हाक मारणार नाही. तुम्ही मारा."

मी खाली बघत होतो. फडक्यातून पुरणाचा वास येत होता. अडतीस वर्षांत तिनं मला कधी काही करायला लावलं नव्हतं.

"शांतवनराव!" मी ओरडलो. राव मी त्याला कधी लावलं नव्हतं. आवाज फाटला. पुन्हा ओरडलो, "शांतवनराव! या, जागा आहे!"

तो थांबला. पाय फाकवून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं कपाळावर हात धरून आमच्याकडं पाहिलं. मग चालायला लागला, आणि चार पावलं झाल्यावर त्याचं चालणं भरभर झालं. त्यानंतरही तो काही वर्षं जगला, आमच्या ओसरीवर शेकडो वेळा बसला, पण डोळे मिटले की मला तो दिसतो तो असाच, धुळीतून लोटा हलवत आमच्याकडं येणारा.

शेजारी माझी बायको हसत होती. ते हसू माझ्यासाठी नव्हतं आणि मला ते लख्ख दिसत होतं. हेवा होता तिथंच होता. मी पोळ्यांचं फडकं मांडीवर घेतलं आणि सरकून बसलो.